आबांच्या आठवणीतली सप्तमी

या सदरात दर महिन्याला कुणाला पिंपळाखाली काही दिसतं, कुणाला रिकाम्या खोलीतून हाक ऐकू येते. मी ते वाचतो आणि अंक मिटून ठेवतो. तीस वर्षं सरकारी शाळेत गणित आणि भूगोल शिकवला म्हणून म्हणा, की स्वभावच तसा म्हणा... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास बसला नाही. त्यात आमच्या घरी पंचांग, मुहूर्त, शांती हाच व्यवसाय. तो आतून पाहिल्यामुळे तर मुळीच नाही.

मला कधी काही दिसलेलं नाही, आवाज ऐकू आलेला नाही. जे लिहितोय ते भर दिवसा घडलं, आणि त्यातली एक गोष्ट मी स्वतः केली. ती लिहायलाच इतकी वर्षं लागली.

आमचं घर अमरावतीला, परकोटाच्या तटाच्या आत. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते पेठेचे जोशी. आजच्या वाचकांना हे काम कदाचित माहीत नसेल. तेव्हा घरोघरी पंचांग नसायचं. जोशी सकाळी अंघोळ करून निघायचा, ठरलेल्या घरांपुढे उभा राहून तिथी, वार, नक्षत्र सांगायचा, आणि त्या तिथीला त्या घरी कुणाचं श्राद्ध असेल तर आठवण द्यायचा. मूठभर ज्वारी झोळीत पडली की पुढचं घर. आबांना सगळ्या पेठेच्या तिथ्या पाठ होत्या. कागदावर एक अक्षर नाही. तिथीचं नाव काढलं की त्या दिवशीचं सगळं एका दमात यायचं — कुणाची सासू गेली, कुणाला जुळं झालं, पेंढाऱ्यांनी पेठ कधी लुटली, कोणत्या वर्षी त्याच दिवशी गारा पडून गुरं मेली. जन्म, मरण, लूट, गारपीट, सगळं एकाच सुरात. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक दिवसाला असं काहीतरी चिकटलेलंच असतं, आणि ते फक्त आबांना वाचता येतं.

मी पुढे नगरला मामांकडे शिकलो आणि अकोल्याच्या नव्या सरकारी शाळेत असिस्टंट मास्तर म्हणून लागलो. ते कापसाचे दिवस. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. मुंबईचे दलाल अमरावतीत मुक्काम ठोकून बसले. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. लोकांनी भाजीचे वाफे मोडले, संत्र्याची झाडं तोडली आणि कापूस लावला.

एका माणसानं तसं केलं नाही. पुंजाजी माळी. आमच्याकडे रोज पूजेची फुलं तोच आणायचा. त्याच्या मळ्यात झेंडू, शेवंती, वांगी, मेथी जशीच्या तशी होती. लोक हसायचे. तो म्हणायचा, "कापूस का खाता येते? देवाले वाहता येते?" आणि टोपली खाली ठेवायचा.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मला निरोप आला की आबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी महिन्याची रजा टाकून आलो. उजवी बाजू गेली होती, वाचा शाबूत होती. पेठेची फेरी बंद पडली तर हक्क जातो, म्हणून फेरी मी करायची आणि दुसऱ्या दिवशीच्या तिथ्या आबांनी आदल्या संध्याकाळी सांगायच्या, असं ठरलं. मी ते वहीत उतरून घ्यायचो. आबांना त्या वहीचं हसू यायचं.

मार्गशीर्ष लागून पाच-सहा दिवस झाले होते. संध्याकाळी आत्या आत स्वयंपाकाला लागली होती. मी आबांच्या उशाशी वही घेऊन बसलो. त्यांनी उद्याचं सांगितलं, परवाचं सांगितलं आणि थांबलेच नाहीत. डोळे मिटलेले, एकेक तिथी घेत पौर्णिमा ओलांडून वद्यात शिरले. मीही लिहीत गेलो. पुढचं आधीच मिळालं तर बरंच, म्हटलं.

"वद्य सप्तमी," आबा म्हणाले. "सप्तमीला पेंढारी आले. मी सहा वर्षांचा होतो, आईनं कणगीत लपवलं होतं. सप्तमीलाच सराफाकडे जुळं झालं. शिंप्याच्या थोरल्या बाईचं श्राद्ध. आणि पुंजाजी माळ्याचं."

मी लेखणी थांबवली. "कुणाचं?"

"पुंजाजीचं. नदीवर गेला ना तो. आणि हे बघ बापू, त्या घरी मोठ्यानं सांगायचं नाही. सुभद्रेच्या मुलाचा जन्म त्याच तिथीचा. मैना अंगणात त्याला ओवाळत असते. आपण बाजूला उभं राहायचं, तिचं होऊ द्यायचं, मग जवळ जाऊन हळू सांगायचं. मी दरवर्षी तसंच करतो."

"दरवर्षी?"

"तर. पोर आपल्याकडे टकमक बघत असतं. आजोबाचेच डोळे आहेत." आणि ते अष्टमीवर गेले.

पुंजाजी त्याच दिवशी सकाळी फुलं देऊन गेला होता. मैना त्याची बायको, आणि सुभद्रा ही त्याची एकुलती एक मुलगी, अकोल्याला दिलेली. तिला मूल नव्हतं.

मी घाबरलो असं नाही. वाईट वाटलं. झटक्यानंतर माणसाच्या डोक्यात जुनं-नवं कालवलं जातं, हे मी ऐकून होतो. सुभद्रेला दिवस गेलेत हे आत्याच्या बोलण्यातून आबांच्या कानावर गेलं असणार. त्यात दुसऱ्या कुणाचं तरी मरण मिसळलं. मी वहीत शिंप्याच्या बाईचं लिहिलं आणि पुंजाजीचं गाळलं.

चार दिवसांनी फेरीवर असताना मैनाबाईनं मला अंगणात थांबवलं. मोजकं बोलणारी बाई. अकोल्याहून निरोप आला होता की सुभद्रेच्या पायांवर सूज आहे. तिची आधीची दोन बाळंतपणं माहेरी झाली होती, इथंच, आणि दोन्ही वेळा मूल मेलेलं निघालं. या खेपेला सासरच्यांनी तिला पाठवलंच नाही.

"बापू, तुमी पंचांग पाहून सांगा ना," मैनाबाई म्हणाली. "यंदा तरी लेकरू हाती लागन का?"

मी आयुष्यात कुणाचं भविष्य सांगितलं नव्हतं. तशी थट्टाच करायचो मी त्याची. पण तिचा चेहरा बघवेना. आणि माझ्याजवळ एक चांगली बातमी आयती होती.

"मावशी, आबा परवा बोलून गेले," मी म्हटलं. "वद्य सप्तमीला सुभद्रेला मुलगा. अंगणात तुम्ही त्याला ओवाळता, असं म्हणत होते."

ती सारवलेल्या ओल्या जमिनीवर तशीच खाली बसली.

"आबांनी सोता सांगतलं?"

"हो."

"आनखी काई म्हनले?"

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

मी तेव्हा स्वतःला असं समजावलं की मी मानतच नाही, तर वाईट सांगून त्यांना भीती कशाला घालायची. ते बरोबरच वाटलं मला. पण मी मानत नव्हतो, तर चांगलं तरी का सांगितलं? हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी फुलं घेऊन आला तो टोपली खाली न ठेवताच बोलायला लागला. "सप्तमीले ना बापू? मंग सप्तमीले मी अकोल्यालेच असन. लेकीच्या घरचं पानी पीत नाई आपन, पन नातू झाला का पेता येते. तुमी जाऊनच राहिले तिकडे, तं मले सोबत घेऊन चला."

माझी रजा आठ दिवस वाढवली होती, ती तेव्हाच संपत होती. षष्ठीच्या संध्याकाळपर्यंत मला अकोल्याला पोचायचं होतं. मी म्हटलं, "पुंजाजी, बाळंत झाल्याचा निरोप येईल, मग जा. आत्ता सडकेवर कापसाच्या बंड्यांची काय गर्दी आहे, माहीत आहे ना?"

त्यानं टोपली खाली ठेवली.

"बापू, दोन येळा मी घरीच होतो. सुभी आत वरडत होती, अन् मी मळ्यात जाऊन बसलो. दोनी बार. मले ऐकवलंच नाई. आता नाई बसत मी मळ्यात."

बोलण्यासारखी एकच गोष्ट होती, ती मी बोललो नाही.

चतुर्थीला पहाटे आम्ही निघालो. भाड्याची दमणी, गाडीवान, पुंजाजी आणि मी. मैनाबाईनं बरोबर डिंकाचे लाडू, खोबरं, आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवून दिली होती. ते गाठोडं पुंजाजीनं सबंध वाट मांडीवरच ठेवलं. बडनेऱ्यापासून पुढे सडक दिसतच नव्हती, नुसत्या कापसाच्या बंड्या आणि धूळ. एकेका ठिकाणी घटका घटका खोळंबा. बाभळीच्या काट्यांना दोन्ही बाजूंनी इतका कापूस अडकलेला की झाडंच पिकल्यासारखी वाटत होती.

मी मनाशी सगळा बेत आखला होता. षष्ठीला संध्याकाळी अकोला गाठायचं, सप्तमीचा सबंध दिवस पुंजाजीला सुभद्रेच्या घरी नजरेसमोर ठेवायचं, तिथल्या मोर्णा नदीवर अंघोळीलासुद्धा जाऊ द्यायचं नाही. अष्टमी उजाडली की सुटलो. न मानणारा माणूस हे असले बेत करत होता, याचं मला वाटेतच हसू आलं होतं. पुंजाजीनं विचारलं, "काहून हसून राहिले?" मी म्हटलं, "काही नाही."

पंचमीचा मुक्काम मूर्तिजापूरला झाला. षष्ठीला सकाळी लवकर निघून दुपारी काटेपूर्णेच्या काठावर आलो. उतारावर बंड्यांची रांग लागली होती. पाणी गुडघ्याइतकंच. तरी मी पुंजाजीला खाली उतरू दिलं नाही. आज षष्ठी आहे, उद्याची गोष्ट उद्या, हे कळत होतं, पण नदी म्हटल्यावर मला चैन पडेना. दमणी पाण्यातून पलीकडे गेली, चढ चढून वर आली. मी मागे वळून नदीकडे पाहिलं आणि बरं वाटलं.

आमच्या मागची बंडी चढावर अडकली. गाठींनी लादलेली, एकटा म्हातारा गाडीवान, बैलांच्या तोंडाला फेस. तो बिचारा चाकाला दगड लावायचा आणि बैलांना ओढायला लावायचा, दोन्ही त्यालाच करावं लागत होतं. खालून बाकीचे ओरडत होते.

पुंजाजीनं गाठोडं माझ्याकडे दिलं. "दोन हात लावतो, बापू."

"बसा हो, करतील ते त्यांचं."

"एकटाच हाय तो," पुंजाजी म्हणाला आणि उतरला.

तो बंडीच्या मागे गेला आणि गाठींना खांदा लावला. आणखी दोघं आले. बंडी हलली, हातभर वर आली. मग पुढे कुठंतरी दोर तुटल्याचा आवाज झाला. बैल गुडघ्यांवर आले आणि बंडी सरळ मागे आली. ते दोघं बाजूला उडाले. पुंजाजीला जागा मिळाली नाही.

आठ-दहा जणांनी गाठी ओढून काढल्या. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. छातीच्या खाली काही उरलं नव्हतं, पण तोंडावर साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. कुणीतरी नदीचं पाणी लोट्यातून आणलं. त्याचे त्यानं दोन घोट घेतले.

"बापू," तो म्हणाला, "उद्या सप्तमी ना?"

"हो. उद्याच."

"मंग झालं. उद्या पायतो पोट्ट्याले."

एवढंच बोलला. नंतर श्वास चालू होता, बोलणं नाही. थोड्या वेळानं तोही थांबला. ऊन कललं होतं. खालच्या बंड्या बाजूनं वाट काढून पुढे जायला लागल्या होत्या. म्हातारा गाडीवान लांब बसून आपल्या बैलाचा गुडघा चोळत होता आणि रडत होता.

आम्ही त्याला दमणीत घातलं. त्या सगळ्या वाटेवर मी एकच गोष्ट धरून बसलो होतो. लाज वाटते, पण लिहितो. मी मनाशी म्हणत होतो, आज षष्ठी आहे. आबा सप्तमी म्हणाले होते. म्हणजे आबांचं चुकलं. हा अपघात आहे, रोज कुठं ना कुठं होतो तसा. त्यांच्या बोलण्याचा आणि याचा काही संबंध नाही.

दिवेलागणीला सुभद्रेच्या सासरी पोचलो. तिची सासू दारातच उभी होती. मला पाहून हसली. "या मास्तर, पोट्टा झाला. आताच झाला, दिवा लावता लावता. चांगला रडून राहिला." मग तिची नजर दमणीकडे गेली.

सुभद्रेला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्णेच्या काठी जावयानं अग्नी दिला. तिथल्या जोश्यांनी मला विचारलं, "कधी गेले?"

"काल तिसऱ्या प्रहरी," मी म्हटलं. "ऊन कलल्यावर."

त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं. "काल षष्ठी एकोणीस घटिकांवरच संपली. दुपार कलायच्या आत. सप्तमी धरायची." आणि सहज पुढे म्हणाले, "मूलही कालच झालं ना? त्याचीही सप्तमीच."

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथी काही सूर्य उगवला म्हणून बदलत नाही. ती दिवसात केव्हाही बदलते. रोजच्या फेरीत जोशी सूर्योदयाची तिथी सांगतो, पण जन्म आणि मरण ज्या घटकेला घडतं, तेव्हाची तिथी धरतात. जोश्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला हे मुंजीच्या आधीपासून माहीत असतं. मलाही होतं. माझ्या पिशवीत पंचांग होतं. चतुर्थीपासून तीन दिवस मी ते उघडून घटिकांचा आकडा पाहिला नाही. काटेपूर्णेच्या चढावर आम्ही आलो, तेव्हा सप्तमी लागलेली होती.

मी शाळेत हजेरी देऊन दहा दिवसांची रजा मागितली आणि अमरावतीला परत गेलो. मैनाबाईला माझ्या आधीच कळलं होतं, बंडीवाल्यांकडून. तिनं मला दोनच गोष्टी विचारल्या. "सुभी?" मी म्हटलं, "बरी आहे. मुलगा चांगला आहे." मग, "त्याइनं पाह्यलं का पोट्टं?" मी म्हटलं, "नाही."

घरी आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी जवळ बसलो. "आबा, पुंजाजी गेला."

"माहीत आहे," ते म्हणाले. "किती वर्षं झाली त्याला."

"किती?"

डाव्या हाताची बोटं मोजून म्हणाले, "पोर सात वर्षांचं आहे. म्हणजे सातच."

मी पुष्कळ खोदून विचारलं. ते वैतागले. तूच लहानपणापासून बाहेर राहिलास, तुला पेठेतलं काय माहीत, असं म्हणाले. फाल्गुनात ते गेले.

मी गणिताचा माणूस, म्हणून सगळ्या शक्यता तपासल्या. पुंजाजीच्या आजोबांचं नाव पुंजाजी होतं का, हे माळ्यांच्या म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं. नव्हतं. पेठेत नदीवर गेलेला दुसरा कुणी पुंजाजी? कुणाच्या आठवणीत नाही. तिथ्या तीस असतात, योगायोगानं एखादी जुळू शकते. पण मरणाची, जन्माची, नदीची, मुलगाच होण्याची, सगळ्याचीच जुळणी एकदम? तरीसुद्धा योगायोग म्हणता येईल. मी बरीच वर्षं तसंच म्हणत होतो.

मग अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव कोसळला. सुभद्रेच्या सासरच्यांनी मोर्णेकाठचा सगळा मळा मोडून कापूस लावला होता. विहीर बुजलेली, झाडं गेलेली. शेवटी जावई बायको-मुलाला घेऊन अमरावतीला आला आणि पुंजाजीचा मळा करायला लागला. तो मळा जसाच्या तसा होता. पुढे माझीही बदली अमरावतीच्या शाळेत झाली. फेरी आता माझा चुलतभाऊ करायचा. मी त्या घराकडे जाणं टाळायचो.

एका वर्षी मार्गशीर्षात चुलतभावाला हिवतापानं धरलं. पाच-सहा दिवस फेरी माझ्या गळ्यात पडली, आणि त्यात वद्य सप्तमी आली.

मी माळ्यांच्या अंगणाशी पोचलो तेव्हा पाटावर एक मुलगा बसला होता. मैनाबाई त्याला ओवाळत होती. मी तोंड उघडलंही होतं, पण न ठरवताच बाजूला जाऊन उभा राहिलो. तिचं होऊ दिलं. मुलगा टकमक माझ्याकडे पाहत होता. मी त्या डोळ्यांकडे पाहिलं. ते पुंजाजीचेच होते. मग जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "मावशी, आज सप्तमी. पुंजाजींचं श्राद्ध."

"हाव," ती म्हणाली.

आबांनी सांगितलं होतं ते असं. त्यांनी हे अंगण जसं पाहिलं होतं तसंच ते माझ्यापुढे होतं, आणि आबांना जाऊन सात वर्षं होत आली होती.

मुलगा पाटावरून उठून मळ्यात पळाला. मी तिथंच थांबलो. मैनाबाईनं विचारलं, "काय झालं बापू?" आणि मी तिला सगळं सांगितलं. आबांनी त्या संध्याकाळी दोन्ही सांगितलं होतं, हे. नदी म्हणाले होते, हेही.

तिनं तबक खाली ठेवलं.

"आबांनी दोनी सांगतलं होतं?"

"हो."

"अन् मी इचारलं तुमाले. आनखी काई म्हनले का, म्हून."

"हो."

"मी त्याइले जाऊ देल्लं नसतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोट्टं झालंच असतं ना. ते गेले काय अन् नाई गेले काय."

मी म्हटलं, "मावशी, आबांना हे कसं कळलं, याचा मी आजवर..."

"ते राहू द्या," तिनं मला मधेच थांबवलं. "त्याइले कसं समजलं, ते मले नोका सांगू. तुमाले काहून सांगता आलं नाई, ते सांगा."

ती बराच वेळ वाट पाहत उभी होती. मळ्यातून मुलाचा आवाज येत होता, मोटेवरच्या बैलांना तो नावानं हाका मारत होता. मग तिनं पदरानं हात पुसले, आत गेली आणि सुपातून ज्वारी आणली. नेहमीइतकीच, मूठभर. माझ्या झोळीत घातली.

"पुढच्या वर्षीपासून तुमी नोका येऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले धाडजा."

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. मैनाबाई आता नाही. मुलगा मोठा झाला, मळा त्याचाच आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. कुणा वाचकाला आबांच्या बोलण्याचा उलगडा होत असेल तर त्यानं जरूर लिहावं, मी वाचीन. मला तो झालेला नाही. मैनाबाईनं मात्र मला तो विचारलाच नव्हता.